चार मिलिमीटरची हरळी

(पडद्यावर: दोन हात. नखांत माती. झिजून अरुंद झालेलं एक खुरपं.)

ही बाई काय काढतेय ते नीट बघा. गवतातून गवत काढतेय.

पुण्याबाहेरचं अठरा होलचं एक गोल्फ मैदान. सात नंबरचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचा अगदी बारीक कापलेला हिरवळीचा तुकडा. श्रावण उतरणीला लागलाय, झड थांबून तासभर झाला असेल. भुईमुगाच्या रानात खुरपायला बसतात तशा सहा जणी ओळीनं उकिडव्या बसल्यात. फक्त चपला ग्रीनच्या बाहेर काढून ठेवल्यात, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. ओल्या ग्रीनवर टाच रुतलेली मैदान सांभाळणाऱ्या साहेबांना खपत नाही. मधल्या मावशी बोटाच्या पेरानं गवत चाचपतात, एका जागी थांबतात, खुरप्याचं टोक दोन बोटं आत घालतात आणि मुळीसकट एक तंगडी ओढून बाहेर काढतात. माझ्या डोळ्यांना तिथं वेगळं काहीच दिसलं नव्हतं.

"ही आपली हरळी," मावशी म्हणतात. "पान बघा, रुंद हाय. ही ह्यांची न्हवं."

ह्यांची म्हणजे मैदानाची. आणि गंमत अशी की तीही हरळीच.

(पडद्यावर: नांगरलेलं काळं रान. बांधावर वाळत पडलेल्या काशा, म्हणजे हरळीच्या जमिनीखालच्या कांड्या.)

हरळी म्हटलं की शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते. नांगर घातला की तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याची नवी हरळी. काळ्या रानात एकदा शिरली की कुदळीनं खणायची, काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या आणि पेटवून द्यायच्या. तीच हरळी भाद्रपदात दूर्वा होते आणि एकवीसच्या जुडीनं गणपतीच्या डोक्यावर चढते. आणि जगभरच्या उष्ण मुलखांत गोल्फची मैदानं जिच्यावर उभी आहेत, तीही हीच. तिकडे तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात.

ग्रीनवरची जात मात्र संकरित. आपल्या हरळीत गुणसूत्रं 36. दक्षिण आफ्रिकेतली तिची एक बारीक पानांची बहीण आहे, तिच्यात 18. दोघींच्या संकरातून जी निघाली तिच्यात 27. हा आकडा विषम, त्यामुळे जोड्या जमत नाहीत. घोडी आणि गाढवाचं खेचर व्हावं तसं हे गवत, वांझ. बी धरत नाही. लावायचं तर उसासारखं बेणं लावायचं, कांड्या तोडून. म्हणजे ह्या ग्रीनवरचं पातं न् पातं एकाच रोपाचा तुकडा आहे. रंग एक, जाडी एक, वाढ एक. चेंडू सरळ घरंगळतो तो त्या एकसारखेपणामुळे. मावशींचं खुरपं चालतं तेही त्यासाठीच.

अशा गवताच्या गाजलेल्या जाती अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन नावाच्या गावी तयार झाल्या. नावांतला 'टिफ' तिथला: टिफग्रीन, टिफवे, टिफड्वार्फ. त्या काढणारे शास्त्रज्ञ ग्लेन बर्टन. टिफड्वार्फ बाहेर पडली 1965 साली.

(पडद्यावर: जांभळाखाली सोडलेली फडकी. भाकरी, ठेचा, कांदा.)

आता दुपारच्या जेवणाकडे वळू. विषयांतर वाटेल, पण नाही. बायका शिरूरकडच्या, त्यामुळे फडक्यात बाजरीची भाकरी. त्याच 1965 साली भारतात बाजरीचं पहिलं संकरित वाण आलं, एचबी-1. लुधियानाला तयार झालं. त्यातलं मादी वाण होतं टिफ्ट 23ए. पुन्हा टिफ्ट! तेच टिफ्टन आणि तेच बर्टन. गोल्फवाल्यांना ग्रीन देणाऱ्या माणसाच्या हातूनच आपल्या कोरडवाहू रानांना संकरित बाजरीची आई मिळाली. मैदानावर मी हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी माझ्याकडे बघितलं आणि मग भाकरीकडे.

त्या बाजरीनं आधी भरभरून दिलं. मग सत्तरच्या दशकात तिच्यावर गोसावी नावाचा रोग पडला. कणसात दाण्यांऐवजी पानांच्या जटा. सगळीकडे एकाच आईची लेकरं, त्यामुळे एकीला जे झालं ते सगळ्यांना. हे लक्षात ठेवा, कारण ग्रीनचंही तेच आहे. एका कोपऱ्यात बुरशी शिरली तर तिला अडवायला दुसऱ्या रक्ताचं गवत शेजारी नाही.

(पडद्यावर: मे महिना. ग्रीनवर चालणारं यंत्र, मागे भोकांच्या रांगा.)

मैदानाचं वर्ष एप्रिलात सुरू होत नाही आणि जानेवारीतही नाही. ते सुरू होतं अक्षय तृतीया झाली की. ग्रीनला भोकं पाडतात तेव्हा. यंत्राच्या पोकळ सळया आत जातात आणि मातीच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या बाहेर फेकतात. भोकं पाच सेंटिमीटरवर एक. म्हणजे चौरस मीटरला 400 आणि पाचशे मीटरच्या एका ग्रीनला दोन लाख. वर्षभर पायांनी आणि यंत्रांनी दाबून जमीन घट्ट झालेली असते. कापलेलं, मेलेलं गवत वर साठून त्याची गादी झालेली असते. मुळांना हवा नसते. त्या भोकांत चाळलेली वाळू भरायची, झाडूनं आणि चटई ओढून. वाळू पारखायची रीत मुकादमांची: ओली मूठ आवळायची, सोडायची, गोळा राहिला तर गाडी परत. पंधरा दिवस ग्रीन देवीच्या व्रणांसारखं दिसतं. खेळणारे कुरकुरतात. "आता रडू दे, पावसात हसतील," मुकादम.

पावसात हसतील ते का, हे समजायला ग्रीनच्या पोटात बघावं लागेल. वर तीस सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली दहा सेंटिमीटर खडी आणि खडीत पाण्याचे पाइप. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं 1960 साली छापलेली ही रचना आज बऱ्याच ठिकाणी वापरतात. तुम्ही म्हणाल, खाली खडी आहे म्हणजे पाणी धो धो निघून जाणार. तसं होत नाही. ओलं धोतर दोरीवर टाकलं की खालच्या काठाला पाणी साठून राहतं, टपकत नाही, आठवतं? वाळूतलं पाणी तसंच खडीच्या तोंडाशी अडून राहतं. गवताला ते पुरतं. मुसळधार पावसात वाळू पुरती भरली की मगच ते खाली उतरतं आणि मग मात्र झरझर उतरतं. वरची भोकं बुजलेली असली तर हे सगळं पोटातलं शास्त्र वाया.

मृग लागला की हुमणी. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. त्यांच्या अळ्या पुढे गवताची मुळं खातात. उसाच्या भागातून आलेल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. दिवा, खाली पाण्याची पाटी, थोडं रॉकेल, त्यांनी न सांगता मांडलं. सापळा चुकला तर सप्टेंबरात साळुंक्या सांगतात. एखाद्या फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या लांब पट्ट्यावर, त्यांची शाळा भरली आणि चोची जमिनीत जायला लागल्या, की तिथलं गवत हातानं उचललं तर सतरंजीसारखं सुटून येतं.

(पडद्यावर: आषाढ. धुरकट फेअरवे, उभा ट्रॅक्टर.)

आषाढ हा इथला सर्वात लांब महिना. पाणी फुकट मिळतं, पण सूर्य मिळत नाही, आणि हरळी हे उन्हाचं गवत. पंधरा दिवस आभाळ भरलेलं राहिलं की ती हातपाय पसरायचं सोडून नुसती उंच होते, पांढुरकी, अशक्त. तेव्हा कापणी वर घ्यायची. उन्हाळ्यात चार मिलिमीटरवर असलेलं पातं पाचवर, साडेपाचवर. एका मिलिमीटरनं काय होतं? पानाचा पाव हिस्सा वाढतो. म्हणजे स्वयंपाकघर तेवढं मोठं. पण चेंडू हळू धावतो, आणि क्लबातल्या तक्रारवहीत ते उमटतं. साहेब दर पावसाळ्यात ह्या एका मिलिमीटरसाठी भांडतात. माझं मत विचाराल तर, साहेबांच्या बाजूनं.

बाहेर फेअरवेवर वाळू नाही, आपली काळी माती आहे. तिथं नियम एकच आणि तो बैलांच्या काळापासूनचा: वाफसा आल्याशिवाय चाक घालायचं नाही. गवत पोटरीला लागलं तरी ट्रॅक्टर शेडमध्येच उभा. एका नव्या चालकानं घाईनं घातला होता. त्याच्या चाकोऱ्या दिवाळीत बघितल्या तेव्हाही होत्या, आणि बेडूक त्यांत सुखात होते.

आणि तण? लव्हाळा, केना, घोळ. लव्हाळ्याला खाली गाठ असते, वरून उपटला तर आठवड्यात तिथंच हजर. म्हणून औषध मारूनही शेवटी माणसाचं बोट लागतं. गणपतीच्या आधी बायका जुड्यांसाठी दूर्वा खुडतात त्या कुंपणाजवळून, फवारणीचा पंप जिथं पोचत नाही तिथून. ग्रीनवरची कुणी घेत नाही. चार मिलिमीटरवर कापलेल्या गवताला तीन पानांचा तुरा येणार कुठून?

(पडद्यावर: सूर्यप्रकाश. फवारे.)

ऑक्टोबरची उष्णता आपल्याला नकोशी, हरळीला माहेरासारखी. ऊन कडक, जमिनीत ओल, रात्री अजून उबदार. उघड्या पडलेल्या जागी नर्सरीतलं बेणं आणून लावलं की तीन-चार आठवड्यांत जमीन झाकते. ह्या महिन्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, सगळं आपोआप होतं.

मार्च-एप्रिलबद्दल मात्र सांगायला हवं. हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरा आणि भिजवायची जमीन वीस हेक्टर. रोजचे दहा लाख लिटर झाले. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, आणि त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. तेव्हापासून कुठल्याही हिरव्या मैदानाकडे बघताना हा हिशेब डोक्यात येतो, आणि यायलाच हवा. इथं सांडपाणी शुद्ध करून वापरतात आणि उन्हाळ्यात रफ, म्हणजे कडेचं वाढू दिलेलं गवत, वाळून जाऊ देतात. ग्रीन अठरा असली तरी सगळ्यांची मिळून जागा एक हेक्टरच्या आसपास. जीव ओतायचा तो तेवढ्यावर. वाळलेलं रफ मेलेलं नसतं. हरळीच ती, वळवाचं पाणी पडलं की पाचव्या दिवशी डोळे उघडते. तरीही काही सभासदांना वर्षभर हिरवंच हवं असतं. टीव्हीवर दुसऱ्या देशांतली मैदानं बघितल्याचा तो परिणाम.

(पडद्यावर: जानेवारी. पहाट. धुकं आणि लांब बांबू.)

थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते. कापणी कमी, काम कमी. पण दव झाडायचं काम रोजचं. एक माणूस लवचिक बांबू गवतावरून डावीकडून उजवीकडे फिरवतो, थेंब उडतात, आणि त्याच्या मागे गडद हिरवा पट्टा उमटत जातो. पानावर ओल जितका वेळ टिकेल तितकं बुरशीचं फावतं, म्हणून हा खटाटोप.

त्याच्या मागोमाग होल बदलणारा मुलगा. होल 108 मिलिमीटर रुंद, 1891 पासून ठरलेलं. तो नवीन जागी कटर घालून मातीचा गोल ठोकळा काढतो, कालच्या भोकात बसवतो, तांब्याभर पाणी ओततो, पायानं हलकेच दाबतो. वर कॅमेरा नेला तरी कालची जागा सापडत नाही.

दव उडालेलं नाही अशा कोपऱ्यापाशी मावशी उभ्या आहेत. ऊन तिरपं आहे. थंडीत दोन्ही हरळींचा रंग सारखा राहत नाही. पांढऱ्या दवात कुठं कुठं वेगळी छटा दिसते, बशीएवढी. मावशी बांबूवाल्याला हातानं थांबवतात.

"जरा दम धर रं. मोजू दे."

ओठ हलतात. "पाच. न्हाई, ती टोकाची धरून सहा."

मग चपला काढतात, पदर खोचतात आणि टोकाच्या ठिपक्यापासून बसायला सुरुवात करतात.