स्प्रेकबर्ट आणि राजापूरचा रस्ता

नमस्कार मंडळी. आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला विषय दिला होता 'परदेशातला गणेशोत्सव'. तो मी गुपचूप बाजूला ठेवलाय. चाळिशी ओलांडेपर्यंत जो 'फळीवर वंदना' म्हणत आला, त्याने त्या विषयावर न बोललेलंच बरं.

माझ्या धाकटीचं मंगळवारी इथल्या डच शाळेत स्प्रेकबर्ट, म्हणजे वर्गापुढचं भाषण, आहे. ग्रुप सातमधलं, म्हणजे दहा-अकरा वर्षांचं, मूल ज्यांच्या घरी आहे, त्यांना सध्याची आमची अवस्था सांगायला नको. तिने विषय निवडला पेटर आर. द व्रीस, गुन्हेगारीच्या बातम्या खणून काढणारे इथले प्रसिद्ध पत्रकार. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लायडसेप्लेन चौकाजवळ, टीव्ही स्टुडिओतून बाहेर पडल्यावर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि नऊ दिवसांनी ते गेले. त्या गल्लीत फुलांचा ढीग लागला होता. आपल्यातलेही काही जण फुलं ठेवून आले. मीही गेलो होतो, फोटोसुद्धा काढला.

तर धाकटी टेबलावर चित्रं चिकटवत होती आणि मी पुतण्याशी फोनवर बोलत होतो. तो आमच्या तालुक्यात बातमीदार आहे. खाडीतल्या वाळूउपशाची बातमी त्याच्या हाताशी आहे आणि त्यावरून त्याला दोनदा फोन आलेत. मी काय म्हणालो असेन? "कशाला पडतोस त्यात? लग्न व्हायचंय तुझं." फोन स्पीकरवर होता. तो ठेवल्यावर पोरीने विचारलं, "बाबा, आपण पेटरच्या बाजूने आहोत ना? मग दादाच्या बाजूने का नाही?"

घरात त्यावरून जे झालं, ते सांगत नाही. बायको पहिल्या रांगेत बसली आहे.

मी घाबरलो ते उगाच नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर आमच्या गावापासून फार लांब नाही. पत्रकार शशिकांत वारिशे 'महानगरी टाइम्स'मध्ये लिहायचे, बारसूच्या प्रस्तावित तेल रिफायनरीवर आणि तिथल्या जमिनींच्या व्यवहारांवर. ६ फेब्रुवारी २०२३ ला सकाळी एका जमीन व्यावसायिकाबद्दलची त्यांची बातमी छापून आली. त्याच दिवशी राजापुरात पेट्रोल पंपाजवळ एका गाडीने त्यांच्या दुचाकीला उडवलं आणि फरपटत नेलं. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात ते गेले. बातमी ज्याच्याबद्दल होती, त्यालाच अटक झाली. बरोबर एक महिना आधी, ६ जानेवारीला, आपण बाळशास्त्रींच्या 'दर्पण'ची आठवण काढत पत्रकार दिनाचे मेसेज पुढे ढकलले होते.

द व्रीस यांच्या खुनासाठी २०२४ मध्ये दोघांना २८-२८ वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली होती. वारिशेंची बातमीही आली होती, पण ती काढून टाकली गेली. 'ग्रुपवर राजकारण नको' असं लिहून ती काढणारा अ‍ॅडमिन आत्ता तुमच्यासमोर माइक धरून उभा आहे.

कायदा नाही असंही नाही. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने २०१७ मध्ये केला, राज्यांमध्ये सगळ्यात आधी. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करणार नाही. पण तालुक्याच्या बातमीदाराला कलमापर्यंत पोचायच्या आधी महिना काढायचा असतो. पुतण्याला मानधन नावापुरतं. खरी कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. आणि जाहिराती कुणाच्या? साहेबांच्या वाढदिवसाच्या. ज्याचे डंपर खाडीवर उभे आहेत, त्याच्याकडेच दिवाळीत पानभर शुभेच्छा मागायला जायचं. अशा स्थितीत तो बातमी शोधतो, हेच मला खरं तर कळत नाही.

आणि आपण? रोज सकाळी ट्रेनमध्ये सगळी मराठी वर्तमानपत्रं वाचतो. कशी, ते सांगू का? फुकटच्या पीडीएफवर. इथल्या एका कॉफीच्या पैशात महिनाभराचा अंक मिळत असेल, पण नाही. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले हे सांगताना आपला गळा भरून येतो. अहो, कोल्हापूरच्या कारभाऱ्याविरुद्ध छापलं म्हणून राहिले ते! आपल्या अंकासाठी गेल्या वर्षी एका सभासदाने मंडळाच्या जमाखर्चावर दीड पान लिहून दिलं, तर 'गणपतीत वाद नको' म्हणून आपण ते छापलं नाही. त्या जागी उकडीच्या मोदकांची पाककृती घेतली. मोदक फुटले, ते वेगळं.

हसताय, हसा. मीही संपादक मंडळात होतो.

पोरीला अजून उत्तर दिलेलं नाही. द व्रीस यांनी पोलीस संरक्षण नको म्हटलं होतं, हे ती वाचून आली आहे. दादाला कुणी संरक्षण विचारलं का, असं तिने काल पुन्हा विचारलं. मी वरण ढवळत राहिलो.

रात्री पुतण्याला फोन केला. म्हणाला, "काका, थांबवली बातमी. तुम्ही म्हणालात ना." मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगतो. मग झोप लागली नाही.

हे धाकटीला सांगितलेलं नाही. मंगळवारी सकाळी नऊला तिचं भाषण आहे.