पेनिसिलिन नेमकं धरतं कशाला?

स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूच्या आत वातावरणाच्या सुमारे वीसपट दाब असतो. बाहेर नुसता पातळ पडदा असता तर तो केव्हाच फुटला असता. त्याला सावरते ती भिंत. ती सलग नसते, कांद्याच्या जाळीदार पोत्यासारखी असते: शर्करेच्या लांबच लांब साखळ्या, आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे अमिनो आम्लांचे आखूड दुवे. आपल्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून पेनिसिलिनचा मोठा डोसही माणूस सहसा पचवतो. ॲलर्जीची गोष्ट वेगळी.

हे दुवे जोडणारी एन्झाइम्स म्हणजे पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन्स, थोडक्यात पीबीपी. त्यांचं काम जरा जवळून पाहू. साखळीला लोंबणाऱ्या शेपटीच्या टोकाशी डी-ॲलानिनची जोडी असते. एन्झाइमच्या खाचेतलं सेरिन या जोडीच्या मधला बंध तोडतं. शेवटचं ॲलानिन निघून जातं, उरलेली शेपटी क्षणभर सेरिनला चिकटते, तेवढ्यात शेजारच्या साखळीची शेपटी पुढे येते आणि तिला आपल्याशी जोडून घेते. दुवा पुरा, एन्झाइम मोकळं.

पेनिसिलिनचा रेणू या ॲलानिनच्या जोडीसारखा दिसतो, हे टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी १९६५ साली मांडलं. सेरिन फसतं, पेनिसिलिनचं चौकोनी बीटा-लॅक्टम कडं फोडतं आणि त्याला चिकटतं. पण इथे कुठलाच तुकडा सुटून जात नाही. फुटलेलं कडं वाट अडवून तिथेच बसतं. त्यातून सुटायला एन्झाइमला बहुधा तासन्‌तास लागतात, आणि जिवाणू तर पोषक वातावरणात वीस-तीस मिनिटांत दुभंगतो. जुनी भिंत कापणारी एन्झाइम्स मात्र आपलं काम थांबवत नाहीत. पुढचा हिशेब तुम्हीच करा.

इथे माझ्या सर्वांत आवडीचा प्रयोग सांगतो. १९७५ साली ब्रायन स्प्रॅट यांनी किरणोत्सारी पेनिसिलिन ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या पडद्यातल्या प्रथिनांना चिकटवलं, ती जेलवर वेगळी केली आणि फिल्मवर पट्टे उमटवले. एक नव्हे, निदान सहा पट्टे, म्हणजे सहा वेगवेगळी पीबीपी! मग पेनिसिलिनच्याच कुळातली वेगवेगळी औषधं लावून पाहिली. मेसिलिनम फक्त दुसऱ्या पट्ट्याला धरतं, आणि काडीसारखा जिवाणू गोल होतो. सेफॅलेक्सिनचा रोख तिसऱ्यावर. मग जिवाणू वाढत राहतो, पण दुभंगत नाही, लांब दोरा होतो. पहिल्याला धक्का लागला की सरळ फुटतो. म्हणजे लांबी वाढवणारं एन्झाइम वेगळं, मधली भिंत घालणारं वेगळं. औषध हातात घेऊन जिवाणूचं जीवशास्त्र वाचण्याची ही रीत मला तरी भारी वाटते.

आता वाईट बातमी. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तोवर पेनिसिलिनचं कडं तोडून टाकणारे स्टॅफिलोकॉकस जगभर इस्पितळांत मुरले होते. त्यांच्यासाठी सहज न तुटणारं मेथिसिलिन आलं, आणि १९६१ सालीच इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या जिवाणूची नोंद झाली. हाच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याने औषध तोडलं नव्हतं. मेकए हे जनुक बाहेरून मिळवून त्याने पीबीपी२ए नावाचं एक जादा एन्झाइम बाळगलं होतं. त्याची खाच जवळजवळ बंद असते, सेरिन आत दडलेलं. पेनिसिलिन तिथवर पोचतच नाही. गंमत म्हणजे हे उपरं एन्झाइम फक्त दुवे जोडतं, साखळी विणायला जिवाणूचं मूळचं पीबीपी२च लागतं. दोघं मिळून भिंत उभी करतात. आणि २०१७ सालच्या एका जनुकीय अभ्यासानुसार हे जनुक १९४०च्या दशकाच्या मध्यालाच जिवाणूत शिरलं होतं, म्हणजे मेथिसिलिन बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी. नवं औषध आलं तेव्हा त्याचा तोडगा तयार होता, असं म्हणायला हरकत नाही.

सेफ्टारोलिन या औषधाने ही खाच उघडता येते. ते आधी खाचेपासून दूर दुसऱ्याच जागी बसतं, त्याने एन्झाइमचा आकार हलतो, खाच उघडते आणि दुसरा रेणू आत शिरतो. सगळीकडे ते सहज परवडतं असं नाही.

कल्चर रिपोर्टवर, म्हणजे जंतू वाढवून त्यावर औषधं तपासल्याच्या अहवालावर, 'सेफॉक्सिटिन: रेझिस्टंट' असं दिसलं, तर तुमचे डॉक्टर सेफॉक्सिटिन देणारच नसतात, मग ते तपासलं कशाला, असा प्रश्न पडतो. या औषधाची कागदी चकती वाढत्या जंतूंवर मेकएचा सुगावा लावायला ठेवतात, कारण मेथिसिलिन आता वापरात नाही. जंतू स्टॅफिलोकॉकस ऑरियस असेल आणि ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा कमी भरलं, तर सारी पेनिसिलिनं आणि त्यांची भावंडं असलेली बहुतेक सेफॅलोस्पोरिनं यादीतून बाद होतात.