संत्र्याचा रस आणि तिसरा वाचक

[दृश्य: लाकडी टेबल. अर्धं कापलेलं लिंबू, अर्धं कापलेलं संत्रं, मध्ये कोरा कागद.]

एक कोडं घालतो.

एक कैदी आहे. बाहेरच्या मित्रांना त्याला गुपचूप निरोप पाठवायचा आहे. शाईसाठी दोन गोष्टी हाताशी आहेत, लिंबाचा रस आणि संत्र्याचा रस. दोन्ही वाळले की कागद कोराच दिसतो. लिंबानं लिहिलेलं वाचायला कागद ओला केला तरी पुरतं, आणि कागद वाळला की अक्षरं पुन्हा गडप होतात. संत्र्याच्या रसाचं तसं नाही. पाणी लागलं की तो धुऊन जातो. तो वाचायचा तर कागद विस्तवावर शेकावाच लागतो, आणि एकदा उमटलेली अक्षरं कागदावर कायमची राहतात.

लपवायचंच असेल तर लिंबू सरस, हे कुणीही सांगेल. कैदी मात्र संत्री मागवतो.

का?

अशी कोडी चारचौघांत खेळतात. उत्तर एकालाच ठाऊक असतं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि त्यानं फक्त ‘हो’, ‘नाही’ किंवा ‘त्याचा संबंध नाही’ एवढंच म्हणायचं. लिंबू मिळत नव्हतं का? मिळत होतं असं समजा. पहारेकऱ्याला संत्री आवडायची का? त्याचा संबंध नाही. संत्र्याचा वास कमी येतो का? नाही. निरोप पकडला जावा अशी कैद्याची इच्छा होती का? नाही... पण जरा जवळ आलात.

इथे थोडं थांबू. उत्तर आपल्याकडे येणारच आहे, वाटेत दोन-तीन तुरुंग लागतील.

[दृश्य: बंद दार. दाराखालच्या फटीतून आत सरकवलेलं पाकीट. पाकीट आधीच फोडलेलं आहे.]

तुरुंगातलं पत्र कधीच दोघांचं नसतं. लिहिणारा आणि ज्याला लिहिलं तो, यांच्यामध्ये एक तिसरा बसलेला असतो. तो प्रत्येक पत्र फोडतो, वाचतो, नको वाटेल त्यावर काळी शाई फिरवतो आणि मग पुढे जाऊ देतो. कैद्यांच्या टपालावरची जेवढी म्हणून कोडी आहेत, ती सगळी या तिसऱ्याभोवती फिरतात.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं तुम्ही ऐकलं असेल. बायको तुरुंगातल्या नवऱ्याला लिहिते, “परसात बटाटे लावायचेत, पण एकटीनं खणणं होत नाही.” नवरा उत्तर देतो, “परसात कुदळ लावू नकोस. माल तिथेच पुरलाय.” आठवड्याभरात बायकोचं पत्र येतं, “पोलीस आले होते. सगळं परस उकरून गेले, हाती काही लागलं नाही.” नवरा लिहितो, “आता बटाटे लाव.”

हसून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही ही. आपण सगळे एकच प्रश्न घेऊन बसलेलो असतो: तिसऱ्याच्या नजरेतून निरोप कसा चुकवायचा? या कैद्यानं तो प्रश्न विचारलाच नाही. तिसरा वाचणार हे त्यानं गृहीत धरलं आणि पत्र त्यालाच लिहिलं. पाकिटावर नाव बायकोचं होतं, एवढंच.

या कोड्यांची खरी मेख इथे असते. अडवणारी अट कोड्यात दिलेलीच नसते, ती आपण मनानंच घातलेली असते.

[दृश्य: धुक्यात बुडालेलं जुनं इंग्लिश वाडावजा घर. अंगणात बिअरची पिंपं.]

आता एक खरी कैदी. स्कॉटलंडची राणी मेरी. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं तिला वर्षानुवर्षं नजरकैदेत ठेवलं होतं. १५८५ च्या डिसेंबरात तिला चार्टली इथल्या घरात हलवलं. तिचं टपाल बंद झालेलं होतं. अशा वेळी गिल्बर्ट गिफर्ड नावाचा एक तरुण वाट काढून देतो. घरात बिअरची पिंपं येतात. पिंपाच्या बुचाच्या आत पत्र दडवायचं. पिंप आत गेलं की निरोप आत, रिकामं पिंप बाहेर आलं की उत्तर बाहेर.

लपवण्याच्या दृष्टीनं याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही. वर पत्रातला मजकूर सांकेतिक लिपीत. अक्षरांना चिन्हं वेगळी, नेहमीच्या शब्दांना वेगळी. दुहेरी बंदोबस्त.

फक्त गिफर्ड फितूर होता. पिंपातलं प्रत्येक पत्र आधी एलिझाबेथचा मंत्री फ्रान्सिस वॉलसिंगहॅम याच्या माणसांकडे जायचं. थॉमस फेलिप्स नावाचा तज्ज्ञ ती लिपी फोडायचा. शिक्का उचलून पुन्हा जसाच्या तसा बसवण्यात वाकबगार असलेला माणूसही त्यांच्या पदरी होता. पत्र वेळेवर पोचायचं. मेरी खूश. तिकडे मेरीला सोडवण्याचा कट रचणारा अँथनी बॅबिंग्टन आणि त्याचे साथीदारही खूश.

जुलै १५८६ मध्ये बॅबिंग्टननं एलिझाबेथला मारण्याचा बेत मेरीला कळवला. १७ जुलैला मेरीचं उत्तर निघालं. फेलिप्सनं ते उलगडलं आणि आपल्या नकलेवर फाशीचा खांब काढून वॉलसिंगहॅमकडे धाडलं. इतक्यावर तो थांबला नाही. बॅबिंग्टनकडे जाणाऱ्या पत्राला त्यानं मेरीच्याच लिपीत खोटा ताजा कलम जोडला: हे काम करणाऱ्या सहा जणांची नावं कळवावीत. ‘ध’चा ‘मा’ करायला एक अक्षर पुरतं. इथे तर सबंध ता. क.च परका होता, आणि वाचणाऱ्याला तो ओळखू आला नाही.

मला या गोष्टीत दरवेळी एकच गोष्ट सलते. पिंप चांगलं होतं, बूच चांगलं होतं, लिपीही त्या काळाच्या मानानं बरी होती. नव्हतं ते एवढंच, की हे पत्र मधे कुणी वाचलं का, हे मेरीला कळण्याची सोय. आपण लपलेलो आहोत या भरवशावर तिनं कागदावर जे मांडायला नको होतं ते मांडलं. काहीच न लपवता लिहिणारा माणूस निदान सावध तरी असतो.

[दृश्य: दोन हात. कागदाच्या कडेची एक अरुंद पट्टी कात्रीनं कापली जात आहे.]

८ फेब्रुवारी १५८७. फोदरिंगे किल्ला. सकाळी शिरच्छेद व्हायचा आहे. पहाटे दोनच्या सुमाराला मेरी फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याला शेवटचं पत्र लिहिते. ते बंद कसं केलं, ते पाहण्यासारखं आहे. त्याच कागदाच्या कडेची एक लांब, बारीक पट्टी कापायची. पत्राची घट्ट घडी घालायची. घडीला चीर द्यायची, पट्टी त्यातून ओवायची, परत फिरवून पुन्हा ओवायची. कागदाचीच सुई आणि कागदाचाच दोरा. अशी शिवण पडली की पट्टी फाडल्याशिवाय पत्र उघडतच नाही. आणि फाटलेली पट्टी कुणाला सांधता येत नाही.

कागदाच्या अशा कुलपांचा संशोधकांनी अलीकडे बारकाईनं अभ्यास केला, तेव्हा मेरीच्या या पत्राची शिवण पुन्हा प्रकाशात आली. हे कुलूप काही लपवत नाही. ते एवढंच सांगतं, की मधे कुणी हात घातला की नाही.

आता संत्र्यांकडे चला.

[दृश्य: टॉवर ऑफ लंडन, नदीच्या बाजूनं. मग खिडकीच्या कठड्यावर संत्र्याच्या साली.]

तो कैदी खरोखर होऊन गेला. जॉन जेरार्ड, जेझुइट नावाच्या कॅथलिक संघाचा धर्मगुरू. प्रॉटेस्टंट राजवटीच्या इंग्लंडमध्ये त्या काळी त्याच्यासारख्यानं नुसतं असणंही गुन्हा होता. १५९४ मध्ये तो पकडला गेला, १५९७ मध्ये त्याला टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातल्या तुरुंगात आणलं. तिथे मनगटांना लोखंडी कड्या घालून, कड्यांनी त्याला खांबाला टांगलं. तासन् तास. पुढे कित्येक दिवस त्याला बोटं हलवता येत नव्हती, साधी सुरी धरता येत नव्हती.

हात थोडे सुधारल्यावर त्यानं पहारेकऱ्याकडून संत्री मागवली. बोटांना व्यायाम हवा म्हणून सालींचे छोटे क्रूस कापायचा, त्यांची जपमाळ ओवायचा. रस एका भांड्यात साठवून ठेवायचा. मग त्या जपमाळा मित्रांना पाठवायची परवानगी मागितली. त्या गुंडाळायला कागद हवा. कागदावर कोळशानं दोन भक्तिभावाच्या ओळी लिहिल्या तर चालतील ना? पहारेकऱ्यानं वाचल्या, त्यात वावगं काही नव्हतं. चालतील म्हणाला.

कोळशाच्या ओळी वाचायला होत्या. खरा मजकूर त्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत, संत्र्याच्या रसानं.

आणि संत्रंच का, हे त्यानं पुढे आत्मकथनात स्वतः लिहून ठेवलं. लिंबानं लिहिलेलं पत्र मधल्या माणसानं भिजवून वाचलं, वाळवलं आणि पुढे धाडलं, तर घेणाऱ्याला पत्ता लागत नाही. संत्र्याचं पत्र कुणी पाण्यात घातलं तर मजकूर धुऊन जातो. शेकलं तर अक्षरं तपकिरी होऊन तशीच राहतात, मिटत नाहीत. म्हणजे मित्राच्या हाती कागद कोरा आला तर समजायचं, मधे कुणी वाचलेलं नाही. अक्षरं आधीच उमटलेली असतील तर समजायचं, घात झाला.

मेरीचा अंत होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. पिंपाला जे जमलं नाही, ते एका फळानं केलं.

[दृश्य: काळा पडदा. तारयंत्राची टकटक.]

तिसराही काही कमी नसतो, हेही सांगायला हवं. पत्रं तपासणाऱ्यांमध्ये युद्धकाळातला एक किस्सा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. तार येते, “वडील वारले.” तपासनिसाला शंका येते. तो शब्द बदलून तार पुढे पाठवतो, “वडील निवर्तले.” दुसऱ्या दिवशी उलट तार हजर: “वडील वारले की निवर्तले?” अर्थ तोच राहिला आणि घोटाळा उघडा पडला. दोघांच्या संकेताला तिसऱ्याचा पर्यायी शब्द चालत नाही.

[दृश्य: समुद्रकिनाऱ्यावरच्या एका वयस्क बाईचा जुना फोटो.]

याच जातीचा एक प्रसंग सप्टेंबर १९६५ नंतरचा, व्हिएतनाममधला. अमेरिकी नौदलाचा वैमानिक जेम्स स्टॉकडेल याचं विमान पाडलं गेलं होतं आणि तो हनोईच्या होआ लो तुरुंगात होता. १९६६ च्या अखेरीला बायकोचं, सिबिलचं, पत्र आलं. सोबत एक फोटो. पत्रात लिहिलं होतं की फोटोतली बाई त्याची आई आहे, समुद्रात डुंबायला आली होती.

स्टॉकडेलनं फोटो पाहिला. ती त्याची आई नव्हती.

क्षणभर त्याच्या जागी बसून पाहा. कोठडी, एकांत, महिनोन् महिने माराखाली गेलेलं शरीर. घरून आलेला फोटो हाती आहे आणि त्यात परकी बाई आहे. चूक झाली म्हणून फोटो बाजूला ठेवणं किती सोपं होतं. पण माझ्या आईला ओळखणारी बायको अशी चूक करेलच कशी? मग पत्रात पाण्याचं, डुंबण्याचं एवढं कशाला? त्यानं फोटो भिजवला. दोन थर सुटे झाले आणि आतून मजकूर निघाला. पुढची पत्रं न दिसणारी अक्षरं उमटवणाऱ्या कार्बन कागदानं कशी लिहायची, हे त्यात सांगितलं होतं. तिथून पुढे त्याच्या साध्यासुध्या पत्रांआडून तुरुंगातल्या युद्धकैद्यांची नावं बाहेर जाऊ लागली. कोण जिवंत आहे हे कळू लागलं.

तपासनिसानं तो फोटो पाहिला असणार, उलटसुलट करून पाहिला असणार. त्याच्या दृष्टीनं ती एक म्हातारी होती. ती खोटी आई आहे हे जगात फार थोड्यांना कळण्यासारखं होतं, आणि त्यातला एक जण नेमका त्या कोठडीत होता.

[दृश्य: स्कॅनरचा प्रकाश एका लहान मुलाच्या चित्रावरून सरकतो.]

आज हे सगळं जमलं असतं का? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २०१८ मध्ये कैद्यांची घरगुती पत्रं आधी दूर फ्लोरिडातल्या एका कंपनीकडे जाऊ लागली. तिथे ती स्कॅन व्हायची, कैद्याला मिळायची ती प्रत. कागदाला अमली द्रव्य लावून पाठवतात, म्हणून हा बंदोबस्त. कारण खोटं नाही. पण मुलीनं रंगवलेल्या चित्राचा खडूचा खरबरीतपणा बापाच्या बोटांना लागत नाही, बायकोच्या हातचा कागद त्याला मिळत नाही. हे मला पटत नाही, ते नाहीच पटत. संत्र्याचा रस तिथे हरला असता, मेरीची शिवण हरली असती. सिबिलच्या फोटोचे थर कुणी भिजवू शकलं नसतं. ‘ही तुझी आई’ हे वाक्य तेवढं प्रतीवरही जसंच्या तसं उतरलं असतं.

[दृश्य: रात्र. टेम्स नदी. किनाऱ्याच्या भिंतीपासून बुरुजापर्यंत ताणलेला दोर.]

जेरार्डची पत्रं अशीच कोरी पोचत राहिली आणि त्यांतून एक बेत ठरला. ऑक्टोबर १५९७. जॉन आर्डन नावाचा दुसरा एक कैदी सोबत. पहिल्या रात्री बेत फसला, होडी परत गेली. दुसऱ्या रात्री मित्र पुन्हा आले. बुरुजावरून खंदकापलीकडे दोर बांधला गेला. दोर खाली उतरता असेल असं वाटलं होतं, तो जवळजवळ आडवाच निघाला. आर्डन पलीकडे गेला, त्याच्या वजनानं दोर सैल पडला. मग जेरार्ड दोराला लटकला. टांगून निकामी केलेले हात मध्यावर आल्यावर सुटायला लागले. तो तसाच लोंबकळत राहिला, श्वास घेतला, पुन्हा सरकला. पलीकडची भिंत पायाला जेमतेम लागली, तेवढ्यात वरून कुणीतरी त्याला ओढून घेतलं.

होडी अंधारात निघून गेली.