गुडघा बदलायची तारीख मिळाली? आजपासून हे सुरू करा

नमस्कार. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की घरात पहिली धावपळ होते ती मेडिक्लेमची आणि पैशांची. ती करावीच लागते. पण ऑपरेशननंतर तुम्ही कसे चालणार हे ज्या मांडीच्या स्नायूवर अवलंबून आहे, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. दुखतो म्हणून वर्षानुवर्षं पाय वाचवला, की मांडी बारीक होते. सर्जन सांधा बदलून देतील, ताकद मात्र तुम्हालाच कमवायची आहे.

तर आत्ताच करून बघा. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडीला हात लावा, कडक लागली पाहिजे. पाचपर्यंत मोजा, सोडा. असं दहादा, सकाळ-संध्याकाळ. दुखणं वाढलं तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना विचारा.

आता घर. सदाशिव पेठेतला जुना वाडा असो की लिफ्ट नसलेली सोसायटी, जिना चुकत नाही. म्हणून आधीच घोकून ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, हात कठड्यावर. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. पायपुसणी, सतरंज्या उचलून ठेवा, वॉकर त्यातच अडकतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती जंतुसंसर्गाची. कृत्रिम सांध्यावर जंतू बसले तर ते नुसत्या गोळ्यांनी सहसा जात नाहीत, पुन्हा ऑपरेशन करावं लागू शकतं. त्यामुळे किडलेला दात, लघवीची जळजळ, टाचेची चिघळलेली भेग, काहीही असलं तरी आधी सांगा. साखर आटोक्यात आणा. आणि ऑपरेशन आईचं असेल आणि ती मशेरी लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घरात मशेरीला कोणी तंबाखू म्हणत नाही, पण ती तंबाखूच आहे आणि तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, चालूही ठेवू नका. डॉक्टरांना विचारा.

खर्चाचं एकच सांगते. ऑगस्ट 2017 पासून गुडघ्याच्या इम्प्लांटच्या, म्हणजे कृत्रिम सांध्याच्या, किमतीवर सरकारी मर्यादा आहे. बिलात इम्प्लांटची किंमत आणि कंपनी वेगळी लिहून मागा.

आणि हो, आदल्या दिवशी घरी वस्तऱ्यानं पायाचे केस काढू नका. बारीक चिरा पडतात, तिथून जंतू शिरतात. गरज असेल तर हॉस्पिटलमध्येच मशीननं काढतात.