पाठीवर सहा किलो

(दृश्य : वडोदरा. दांडिया बाजारातलं एक घर. जमिनीवर वजनकाटा, बाजूला सतरंजीवर मांडलेलं सामान.)

आधी स्वतःचं वजन करायचं. मग सॅक पाठीवर घेऊन पुन्हा काट्यावर उभं राहायचं. दोन आकड्यांतला फरक आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. 60 किलोच्या माणसाला 6 किलो, बस. फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर गावाहून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत सुमारे 780 किलोमीटर चालायचं आहे, ‘कामिनो’ ही ख्रिस्ती पदयात्रा. सांतियागो म्हणजे संत याकोब, जब्दीचा मुलगा. त्याची कबर तिथल्या कॅथेड्रलमध्ये आहे अशी परंपरा. तीस-पस्तीस दिवस लागतात.

पहिल्यांदा भरलेली सॅक हमखास जड होते. एकेक वस्तू बाहेर काढली की कळतं, जास्तीचं सगळं ‘असू दे, लागलं तर’ म्हणत आत गेलेलं असतं. चौथा शर्ट, जाड टॉवेल, औषधांचा अख्खा डबा, चिवड्याची दोन पाकिटं. हे सामानाचं नव्हे, भीतीचं वजन. प्रभू येशूनं बारा शिष्यांना पाठवताना काठी, झोळी, भाकर, पैसा, दुसरा अंगरखा यांतलं काहीच नेऊ नका असं सांगितलं, ते लूकच्या नवव्या अध्यायात आहे. उपासनेत ऐकताना ते सोपं वाटतं. हातातला चौथा शर्ट परत कपाटात ठेवताना तेच वचन अंगाला लागतं.

(दृश्य : पहाट. वडोदऱ्याजवळच्या पावागड डोंगराच्या पायऱ्या.)

वडोदरा सपाट. कमाटीबागेत फेऱ्या मारून दम वाढतो, पण गुडघे तयार होत नाहीत. तिकडे तर पहिल्याच दिवशी पिरेनीज डोंगर लागतो : रोन्सेसवायेसपर्यंत 25 किलोमीटर आणि 1200 मीटरहून अधिक चढ. अख्खा पावागड सुमारे 800 मीटर उंच, यावरून अंदाज करा. रविवार उपासनेचा, म्हणून शनिवार धरा. दोन महिने दर शनिवारी भरलेली सॅक घेऊन माचीहून वर जायचं, आणि खालीही पायीच यायचं. रोपवेनं उतरलात तर निम्मा सराव वाया, कारण गुडघे दुखतात ते उतारावर.

बूट अर्धा ते एक नंबर मोठे घ्या, दिवसभर चालून पाय सुजतात. मोजे लोकरीचे, सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी घासते आणि फोड येतो. टाचेला चटका जाणवला की तिथंच थांबायचं, बूट-मोजा काढायचा, पाय कोरडा करून चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटांचं काम. तरी माणसं थांबत नाहीत, कारण मागचे पुढे निघून जातात आणि सरकारी धर्मशाळेत जो आधी पोहोचेल त्याला खाट मिळते. आपल्या मते फोडाचं खरं कारण बुटात कमी आणि या घाईत जास्त असतं.

वडोदऱ्याच्या मराठी घरांना पंढरीची वारी ठाऊक आहे. तिथं दिंडीचं सामान ट्रकमधून जातं आणि टाळ-मृदंग पाय ओढून नेतो. इथं ना दिंडी, ना पालखी. भिंतीवर, दगडावर, विजेच्या खांबावर पिवळा बाण दिसतो, तेवढाच सोबती. ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984 मध्ये हे बाण रंगवायला घेतले. एक बाण पुढच्या वळणापुरतंच सांगतो.

(दृश्य : गव्हाची शेतं, सरळ पांढरा रस्ता.)

बुर्गोस ते लेओन, मेसेटाचं पठार. सावली नाही. कारियोन गावानंतर तर 17 किलोमीटर एकही वस्ती नाही. दोन लिटर पाणी आधीच भरून घ्या. कंटाळून अनेकजण हा टप्पा बसनं ओलांडतात. तो टाळू नका. इथं दोन दिवसांत पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना संपतात. मग पावलाशी जोडलेली एकच उरते : श्वास घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘माझ्यावर दया कर’. मध्येच कधीची जुनी भांडणं वर येतात. येऊ द्या. ज्याच्याशी भांडलो त्याचं नाव घ्यायचं आणि पुन्हा पावलावर यायचं.

(दृश्य : तळहातावर गुळगुळीत गोटा. चांदोद, नर्मदाकाठ.)

हा गोटाही सॅकमध्ये असतो. सहा किलोंत धरलेला. वाटेत सुमारे 1500 मीटर उंचीवर लागतो क्रूस दे फेर्रो, उंच लाकडी खांबावरचा छोटा लोखंडी क्रूस. पायथ्याशी दगडांचा ढीग, जगभरच्या घरांतून आलेला. आपलाही तिथं ठेवायचा. कोणी नाव लिहितं, कोणी काहीच नाही. सॅक फार तर शंभर ग्रॅमनं हलकी होते.

आणि लगेच उतार लागतो. मोलिनासेकापर्यंत जवळजवळ 900 मीटर, सुट्या दगडांचा. गुडघे सर्वांत जास्त इथंच बिघडतात, कारण मन हलकं झालेलं असतं आणि पावलं लांब पडतात. पावलं आखूड ठेवा, गुडघे किंचित वाकवा, काठ्या पाच-सात सेंटिमीटर लांब करा. सांतियागो अजून सव्वादोनशे किलोमीटर आहे.