मृगाच्या आधीचा आराखडा

मित्रहो,

या टेबलावर काचेच्या दोन बरण्या ठेवल्या आहेत. दोन्हींतले पाणी एकाच नाल्यातले आणि एकाच पावसातले आहे. पहिली बरणी एका बांधकामाच्या वरच्या अंगाला भरली आणि दुसरी त्याच बांधकामाच्या खालच्या अंगाला, जेमतेम दोनशे पावले पुढे. आज त्याला सहा दिवस झाले. पहिल्या बरणीच्या तळाशी चिमूटभर वाळू आणि थोडा काडीकचरा बसला असून वरचे पाणी नितळ आहे. दुसऱ्या बरणीत बोटभर गाळ बसला आहे आणि तरीही वरचे पाणी अजून दुधाच्या चहासारखे दिसते. व्याख्यान संपल्यावर आपण सर्वांनी या बरण्या हातात घेऊन पाहाव्यात, अशी माझी विनंती आहे.

सहा दिवस हालचाल नसलेल्या पाण्यात जी माती बसली नाही, ती वाहत्या नाल्यात कुठे बसणार? पाण्यात कण खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे कण दहापट बारीक झाला की वेग शंभरपट कमी होतो. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण मीटरभर खोल पाण्यात साधारण दोन मिनिटांत तळ गाठतो. एक शतांश मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला त्याच अंतरासाठी सुमारे तीन तास लागतात. एक सहस्रांश मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी पूर्ण स्थिर असेल तर. आपल्या दख्खनच्या काळ्या मातीत यापेक्षाही बारीक कण मुबलक असतात. म्हणूनच उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पावसात ती बुटाला धरून ठेवते. साईटच्या कोपऱ्यात खड्डा खणला, त्यात पाणी साठवले आणि काम झाले अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की असा खड्डा वाळू धरतो आणि जाडसर पोयटा धरतो, पण चिकणमाती एकदा सुटली की ती त्याला धरता येत नाही. ती सुटूच न देणे हाच उपाय उरतो, आणि ते काम पाऊस पडायला लागल्यावर करता येत नाही. आज मला जे सांगायचे आहे ते इतकेच आहे: बांधकामाच्या जागेवरच्या पावसाळी पाण्याचा आराखडा म्हणजे मुख्यतः कामाचे वेळापत्रक होय. मृग नक्षत्र लागते त्या दिवशी, म्हणजे सात-आठ जूनला, आपल्या जागेवरची किती माती उघडी असेल, या एका प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारीत देता आले पाहिजे.

आकडा डोळ्यांपुढे असावा म्हणून एक हिशेब मांडतो. अडीच एकरांची, म्हणजे साधारण एक हेक्टरची जागा घ्या. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला, जो आपल्याकडच्या वळवाच्या जोरदार सरीला काही अवघड नाही, तर त्या जागेवर पाच लाख लिटर पाणी पडते. डंपर आणि रोलर फिरून घट्ट झालेल्या बोडक्या जमिनीवरून त्यातले सत्तर टक्के वाहून जाते असे धरले, तरी साडेतीन लाख लिटर होते. दहा हजार लिटरचे पस्तीस टँकर एका तासात आपल्या गेटमधून रस्त्यावर रिकामे झाले असे समजा. मग त्या लोंढ्याच्या तोंडावर दोन फूट बाय दोन फुटांचे चेंबर आणि त्यावरची पानांनी बुजलेली जाळी डोळ्यांपुढे आणा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने असे नमूद केले आहे की बांधकामाच्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीच्या तुलनेत दहा ते वीस पट आणि वनजमिनीच्या तुलनेत हजार ते दोन हजार पट असतो. कारण उघड आहे. शेतात पीक असते, बांध असतात, तणसुद्धा असते. आपण मात्र वरचा सगळा थर खरवडून काढतो आणि मग उताराला मोकळे सोडतो.

तिकडे या विषयाला कायद्याचा आधार आहे. १९७२ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन पावसाळी पाणी त्याच्या कक्षेत आले. १९९० च्या नियमांनी पाच एकर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना परवाना बंधनकारक केला आणि १९९९ मध्ये आलेल्या नियमांनी ही मर्यादा एक एकरापर्यंत खाली आणली. या परवान्यात मातीला हात लावण्याआधी लेखी आराखडा तयार असावा लागतो. जिथले काम थांबले आणि चौदा दिवसांत पुन्हा सुरू होणार नाही, तिथली माती लगेच झाकायला वा गवताने धरायला सुरुवात करावी लागते. मला या तरतुदींतली एक गोष्ट मनापासून पटते, ती म्हणजे त्या कामाच्या दिवसांशी बांधलेल्या आहेत.

आपल्याकडे १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आहे आणि त्याखालच्या सर्वसाधारण मानकांनुसार नदीनाल्यात सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यातले तरंगते घनकण लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असावे लागतात. ही मानके कारखान्यांच्या संदर्भात सर्वांना पाठ असतात, बांधकामाच्या संदर्भात मात्र ती क्वचितच कुणाच्या तोंडी येतात. २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर आणि त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. त्याखालच्या असंख्य इमारतींना ती लागत नाही. राडारोड्याबाबत २०१६ साली आलेल्या नियमांतच तो गटारात अडथळा होईल असा टाकू नये, असे स्पष्ट सांगितले होते. कायद्याबद्दल याहून अधिक बोलत नाही, कारण या सभागृहात बसलेल्या बहुतेकांच्या हातात कायदा नसून पोकलेनचे वेळापत्रक आहे.

आपल्याच भूमीत या विद्येची मोठी परंपरा आहे, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार या गावांनी पाणलोटाचे काम 'माथा ते पायथा' या क्रमाने केले. आधी डोंगरावर समतल चर, मग ओहोळांत दगडी बांध, मग शेताची बांधबंदिस्ती आणि सर्वांत शेवटी गावाजवळचा बंधारा. कोरडवाहू शेतकऱ्याला हा क्रम उलटा करून चालत नाही हे ठाऊक असते, कारण वरचे पाणी मोकळे सोडून खाली बंधारा बांधला तर तो दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. आपण साईटवर नेमका तोच उलटा क्रम करतो. गेटजवळ गोण्या रचतो आणि माथा विसरतो.

म्हणून आराखड्याची पहिली रेघ जागेच्या वरच्या हद्दीवर ओढली पाहिजे. शेजारच्या टेकडीवरून, रस्त्यावरून किंवा सोसायटीच्या आवारातून येणारे पाणी अजून स्वच्छ असते. ते आपल्या खोदकामात शिरू न देता कडेच्या चरातून बाजूने काढून खालच्या नैसर्गिक ओढ्याला भेटवायचे. या एका चराला दोन-तीन दिवसांचे जेसीबीचे भाडे लागते आणि पुढचा निम्मा त्रास वाचतो. चराचा उतार जास्त असेल तर दर काही मीटरवर डबराचा आडवा बांध घालावा, नाहीतर तो चरच माती खाऊ लागतो. आणि ओढा असेल तर तो ओढाच राहिला पाहिजे. जून २०१३ मध्ये पुण्याजवळ कात्रज घाटाच्या पलीकडे शिंदेवाडीत काय घडले, ते येथल्या अनेकांना आठवत असेल. टेकडी फोडलेली होती, पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजल्या होत्या आणि मोठा पाऊस होताच लोंढा महामार्गावर आला. त्यात एक आई आणि तिची लहानगी मुलगी वाहून गेल्या. त्या दिवसानंतर डोंगरउतारावरच्या कोणत्याही नकाशात मी आधी पाण्याची वाट शोधतो, इमारत नंतर पाहतो.

दुसरी गोष्ट टप्प्यांची. संपूर्ण भूखंड एकदम खरवडून काढण्याची आपल्याकडे रीत आहे, कारण यंत्र आले आहे तर सगळे उरकून घ्यावे असा विचार असतो. चार इमारतींपैकी ज्या दोन दिवाळीनंतर सुरू होणार आहेत त्यांची जागा मार्चमध्ये उघडण्याची गरज नसते. तिथले गवत, झुडपे आणि जुनी ताल तशीच राहिली तर तीच उरलेल्या जागेचा गाळ फुकट अडवते. मी पाहिलेल्या सर्व उपायांत काहीही न करण्याचा हा उपाय सर्वांत परिणामकारक आहे, आणि दुर्दैवाने तोच पटवून देणे सर्वांत कठीण जाते.

येथे मी स्वतःची एक चूक सांगतो. मी तिशीतला साईट इंजिनिअर होतो. बेसमेंटच्या खोदाईतून निघालेली काळी माती पुढे बागेसाठी उपयोगी पडेल म्हणून मी तिचा दोन पुरुष उंचीचा ढीग हद्दीच्या भिंतीलगत, उताराच्या खालच्या टोकाला रचून ठेवला. ताडपत्रीची मागणी लिहिली होती, ती 'पावसाळ्याला अवकाश आहे' म्हणून थांबली आणि मीही आग्रह धरला नाही. तीन जूनच्या रात्री वळीव आला. सकाळी पोहोचलो तेव्हा ढिगाला बैलगाडी जाईल एवढी घळ पडली होती आणि खालच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर चिखल होता. एक आजोबा पायजमा दुमडून खराट्याने तो चिखल लोटत होते. मला पाहून ते रागावले नाहीत. "साहेब, आमच्या पाण्याच्या टाकीचं झाकण खाली आहे," एवढेच म्हणाले. जमिनीखालच्या त्या टाकीत माझी माती गेली होती. पंधरा कुटुंबांना दोन दिवस पाणी मिळाले नाही. मातीचा ढीग हद्दीपासून, नाल्यापासून आणि चेंबरपासून लांब, शक्यतो जागेच्या वरच्या भागात असावा, त्याच्या पायथ्याशी खडी भरलेल्या गोण्यांची ओळ असावी आणि तो पहिल्या दिवसापासून झाकलेला असावा, हे मी त्या दिवसापासून कधीही विसरलो नाही.

आता कडेच्या अडसराविषयी. आपल्याकडे पत्र्यांच्या कुंपणाला हिरवी जाळी बांधतात आणि तपासणीला आलेल्याला तीच गाळरोधक म्हणून दाखवतात. ती जाळी धुळीसाठी असते. पाणी तिच्याखालून सुखाने निघून जाते. गाळ अडवायचा असेल तर विणलेले भूवस्त्र, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारे जाड कापड लागते, त्याचा खालचा काठ वीतभर खोल चरात गाडून वर माती दाबून बसवावी लागते, आणि पाण्याचा प्रवाह एका जागी एकवटतो तिथे कापडावर विसंबून चालत नाही, तिथे दगडाचाच बांध हवा. कापडाच्या निम्म्या उंचीपर्यंत गाळ चढण्याआधी तो काढला पाहिजे आणि काढलेला गाळ पुन्हा नाल्याच्या काठावर टाकायचा नाही.

बेसमेंटमधले पाणी उपसण्याची पद्धतही बदलायला हवी. पंपाचा पाईप खड्ड्याच्या तळाशी सोडला की तो पाण्याबरोबर गाळही ओढतो. भोके पाडलेले जुने पिंप घ्यावे, त्याभोवती खडी भरावी आणि त्यात पाईप सोडावा. आलेले पाणी एकामागून एक अशा दोन-तीन टाक्यांतून फिरवून मगच बाहेर सोडावे. आपल्या आजीने पावसाळ्यात माठातल्या पाण्यात तुरटी फिरवली तेच तत्त्व शेवटच्या टाकीत वापरता येते, मात्र मूठ-मूठ टाकून नाही. आधी पाच-सहा ग्लासांत वेगवेगळे प्रमाण घालून पाहावे आणि ज्या कमीत कमी तुरटीने पाणी निवळते तेवढीच वापरावी, कारण जास्त झालेली तुरटी पाणी आम्लधर्मी करते आणि ते माशांना बाधते.

सिमेंटच्या पाण्याचे दुखणे उलटे आहे. ट्रान्झिट मिक्सर धुतल्यावर निघणाऱ्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बारा किंवा त्याहूनही अधिक असतो, आणि सामूच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, त्यामुळे आठ सामूच्या नाल्याशी तुलना केली तर त्याची अल्कता दहा हजार पट भरते. हे पाणी राखाडी आणि निरुपद्रवी दिसते, पण त्याने मिस्त्रीच्या बोटांची सालपटे निघतात. मग माशांच्या कल्ल्यांचे काय होत असेल? धुण्यासाठी जाड प्लॅस्टिक अंथरलेला एक ठरलेला खड्डा असावा, त्याची पाटी ड्रायव्हरला वाचता येईल अशा भाषेत लावावी, आणि काँक्रीटची ऑर्डर देतानाच धुण्याची जागा कळवावी. डिझेलची पिंपे, ऑइल आणि रंग छपराखाली, उंचवट्यावर ठेवावेत. मजुरांच्या वस्तीतल्या संडासांचे पाणी पावसाळी गटारात जात नाही ना, हे स्वतः पाहावे. मजुरांना नीट संडास न देता प्रदूषणाच्या गोष्टी करण्याचा आपल्याला अधिकार पोहोचत नाही.

राहिली तपासणी. अमेरिकेतल्या परवान्यात सहा-साडेसहा मिलिमीटर पाऊस झाल्यावर चोवीस तासांच्या आत जागेची पाहणी करण्याची पद्धत आहे. आपल्याला त्यासाठी एक पर्जन्यमापक आणि एक वही पुरते. ही जबाबदारी ज्याच्याकडे माणसे आणि फावडी आहेत अशा मुकादमाला नावाने द्यावी आणि उपलब्ध गोण्या, ताडपत्री व खडी त्याच्या ताब्यात ठेवावी, म्हणजे रात्री अकराला सर आली तर त्याला स्टोअरच्या किल्लीसाठी कुणाला फोन करावा लागणार नाही. इंजिनिअरने पहिल्या जोरदार सरीत कार्यालयात थांबू नये. छत्री आणि नकाशाची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन वरच्या हद्दीवरून चालायला सुरुवात करावी, पाणी जिथे नकाशापेक्षा वेगळ्या वाटेने जाते तिथे खूण करावी, गेटबाहेरच्या चेंबरपर्यंत जावे, तिथल्या पाण्याने एक बरणी भरावी, आणि तिच्यावर तारीख, वेळ व जागा लिहून ती आपल्या टेबलावर ठेवावी.