पेटीतून शाळेत येणारं म्युझियम

बसा बसा, मागे खुर्च्या आहेत अजून. तर आधीच सांगते, मी काही म्युझियमवाली नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात यलोनाइफला होतो, बाहेर उणे पस्तीस, डिसेंबरात दिवस जेमतेम पाच तासांचा, घरात बसून करणार काय, म्हणून मुलीच्या शाळेत मदतीला जायला लागले आणि तिथे एक दिवस ती पेटी आली.

पेटी प्रिन्स ऑफ वेल्स नॉर्दर्न हेरिटेज सेंटरची. १९७९ साली फ्रेम लेकच्या काठावर उघडलेलं हे सरकारी म्युझियम. पण यलोनाइफ ज्याची राजधानी तो नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश महाराष्ट्राच्या चौपट आणि माणसं फक्त पंचेचाळीस हजारांच्या आसपास, त्यात काही गावांना बारमाही रस्ताच नाही, हिवाळ्यात गोठलेल्या नदी-तलावावरून गाड्या जातात. तिथल्या पोरांनी सहलीला यायचं कसं? मग वस्तूच पेटीत भरून शाळांना वापरायला देतात, त्याला एज्युकिट म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची बस फिरते ना, तसंच काहीसं, फक्त इथे बसच्या जागी पेटी.

झाकण उघडलं आणि पहिल्यांदा आला तो वास, अगदी आजीच्या चुलीपाशी टांगलेल्या घोंगडीचा. मूस म्हणजे तिथलं भलंमोठं हरीण, त्याचं कातडं खरवडून, त्याला मेंदू चोळून, ताणून, शेवटी कुजक्या लाकडाच्या धुरावर धरून कमावतात, म्हणून तो वास. शेजारी कॅरिबूचं कातडं, कॅरिबू म्हणजे तिथलं कळपाने फिरणारं रेनडिअर. त्याचे केस आतून पोकळ असतात, हवा धरून ठेवतात म्हणून ऊब. आणि गळतात असे की सगळ्या वर्गाच्या स्वेटरवर केसच केस, बाई काही रागावल्या नाहीत.

मग डेने लोकांचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे खेळ. एक हातभर काठी, दोन्ही टोकांना निमुळती, टोकांना चरबी फासलेली, दोघांनी एकेक टोक धरून सरळ ओढायचं, हिसका नाही, पिळायचं नाही. मला वाटलं रस्सीखेच आहे, जोर लावला आणि आठ वर्षांच्या एका पोरीकडून सपशेल हरले, काठी सुळकन गेली हातातून. ती हसत म्हणाली, काकू, हे माशाचं शेपूट आहे! खरंच, पाण्यातला बुळबुळीत मासा शेपटीला धरून ओढायची ती तालीम असते. ते पाटीवर लिहून शिकवणार कसं?

आणि ही काही हौस नाहीये. ह्याच मुलांच्या आजीआजोबांना रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे निवासी शाळांत नेऊन ठेवलं होतं, घरापासून लांब, स्वतःची भाषा बोलली की शिक्षा. १९९३ मध्ये डेने केदे नावाचा अभ्यासक्रम आला, तो डेने वडीलधाऱ्यांना विचारून केलेला, १९९६ मध्ये इनुइटांसाठी, म्हणजे अगदी उत्तरेकडच्या मूळ लोकांसाठी, इनूकातिगीत, आणि २०१२ पासून त्या निवासी शाळांचा इतिहासही शिकवायला घेतला. त्या प्रदेशात ११ अधिकृत भाषा आहेत, त्यातल्या ९ तिथल्या मूळ लोकांच्या.

म्युझियमांनाही शिकावंच लागलं बरं का, कुणाची वस्तू कुणाकडे असावी ते. १८९३ च्या सुमारास फ्रँक रसेल नावाच्या अमेरिकन माणसाने त्लिचो लोकांकडून, हेही डेनेच, कॅरिबूच्या कातड्यांची एक राहुटी विकत घेऊन आयोवा विद्यापीठाला नेली. शंभरावर वर्षं ती तिकडेच, १९९७ मध्ये परत आली. आता तशी राहुटी शिवायची तर कातडी लागतात, आणि तिथला बाथर्स्ट नावाचा कॅरिबूचा कळप १९८६ मध्ये ४ लाख ७० हजारांच्या घरात होता तो २०१८ मध्ये ८,२०० वर आला. निसर्ग वेगळा, इतिहास वेगळा असे तास तिथे पाडताच येत नाहीत, तुम्ही पाडून बघा.

शेवटी एकदा मुलीच्या वर्गाबरोबर म्युझियममध्येही गेले. तिथे एक मूसच्या कातड्यांची होडी आहे, १९८१ मध्ये डोंगराळ भागातल्या डेने वडीलधाऱ्यांनी बांधलेली. पूर्वी वसंतात शिकारी लोक अशी होडी बांधायचे, बायकापोरं, कुत्री, सुकवलेलं मांस सगळं भरून नदीने खाली यायचे आणि उतरले की होडी सोडवून टाकायचे, सांगाडा तिथेच, कातडी घेऊन जायचे आणि त्यांचे जोडे-कपडे व्हायचे. गाईड हे सांगत होती, तेवढ्यात मागून एका मुलाने विचारलं, "मग ही अजून का नाही सोडवली?" गाईड जरा थांबली आणि म्हणाली, "हो ना." आणि पुढच्या दालनात गेलो आम्ही.